विवर्तनाच्या पलीकडे पाहायचं तर बाजारातल्या तिसऱ्यांपासून सुरुवात करा

सुपर-रिझोल्यूशन, म्हणजे प्रकाशाच्या विवर्तनाने (लाटेसारखं पसरण्याने) घातलेली मर्यादा ओलांडून बारीक तपशील पाहणं, म्हटलं की कोकणातल्या कॉलेजात शिकणाऱ्याला आधी मशीन आठवतं. कोट्यवधींचं, पुण्या-मुंबईच्या कुठल्यातरी थंडगार खोलीतलं. मग ‘ते आपल्याकडे कुठलं’ म्हणून विषय तिथेच मिटतो. माझं म्हणणं उलट आहे. या कामात मशीनसमोर बसायचा वेळ सगळ्यात कमी असतो. प्रतिमा चांगली येणार की वाईट, हे बहुतेक वेळा तिथे पोहोचण्याआधीच ठरलेलं असतं. नमुना कसा स्थिर केला, रंग कुठला लावला, काच किती जाडीची घेतली यावर. आणि ही कामं रत्नागिरीत होतात, दापोलीत होतात, मालवणातही होतात.

तुमच्याकडे १०×, ४०× आणि १००× ऑब्जेक्टिव्हचा (नमुन्याकडच्या भिंगाचा) साधा सूक्ष्मदर्शक आहे, जवळपास कुठेतरी फ्लोरोसन्सचा, म्हणजे रंगद्रव्याची चमक दाखवणारा, सूक्ष्मदर्शक मिळू शकतो आणि रसायनं हाताळताना शेजारी जाणतं माणूस आहे, एवढं मी धरून चाललो आहे.

आधी मर्यादा डोळ्यांनी पाहा

जर्मनीतल्या येना इथले भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलं की सूक्ष्मदर्शकाची ताकद भिंग किती मोठं करून दाखवतं यावर ठरत नाही. प्रकाशाची तरंगलांबी भागिले एनएची दुप्पट, एवढ्या अंतरापेक्षा जवळ असलेले दोन ठिपके एकच दिसतात. एनए म्हणजे न्यूमरिकल अ‍ॅपर्चर. ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर ४०× च्या शेजारी ०.६५ असा जो आकडा कोरलेला असतो, तोच. मोठेपणाकडे सगळे बघतात, या आकड्याकडे कोणी बघत नाही. खरी गोष्ट मात्र त्यातच आहे.

सूत्र पाठ करण्यापेक्षा खाडीवर जा. ओहोटीला भाट्ये, जयगड किंवा दाभोळच्या खाडीत चिखलावर तपकिरी तवंग दिसतो, तो बहुतांशी डायटमचा, म्हणजे सिलिकाचं कवच असलेल्या एकपेशीय शैवालाचा, असतो. चमचाभर आणा, पाण्यात ढवळा, जड वाळू खाली बसू द्या आणि वरचं गढूळ पाणी वेगळं काढा. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सेंद्रिय भाग जाळून टाका. तीव्र पेरॉक्साइड कातडी भाजतं, ते फ्यूम हूडमध्ये हातमोजे घालूनच वापरायचं. औषधाच्या दुकानातलं सौम्य पेरॉक्साइडही चालतं, फक्त दिवस जास्त लागतात. उरलेली सिलिकाची कवचं डिस्टिल्ड पाण्याने पुन्हापुन्हा धुवा. एक थेंब कव्हरस्लिपवर सुकवा आणि सुकलेली बाजू खाली करून ती स्लाइडवर बसवा.

आता इंग्रजी एस अक्षरासारखं वळलेलं कवच शोधा. ते प्ल्युरोसिग्मा किंवा त्याचं भावंड जायरोसिग्मा. त्यावर बारीक रेघा असतात. प्ल्युरोसिग्मा अँग्युलेटम या जातीत दोन रेघांमधलं अंतर साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे ५०० नॅनोमीटर. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० धरा. १०× ऑब्जेक्टिव्हचा एनए ०.२५, म्हणून मर्यादा ११०० नॅनोमीटर. रेघा दिसणार नाहीत. आयपीस बदलून दुप्पट मोठं केलंत तरी कवच मोठं होईल, रेघा येणार नाहीत. ४०× वर मर्यादा ४२३ वर येते आणि रेघा उगवतात. पण कंडेन्सरचा, म्हणजे स्लाइडखालच्या प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगाचा, पडदा उघडा असेल तरच. तो बंद करत जा, रेघा पुसल्या जातात. १०० च्या ऑइल ऑब्जेक्टिव्हवर, एनए १.२५ असेल तर, मर्यादा २२० नॅनोमीटर.

हा प्रयोग केल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. ‘विवर्तन मर्यादा’ हे शब्द पुस्तकात वाचणं वेगळं आणि कंडेन्सरच्या दांडीबरोबर रेघा येता-जाताना पाहणं वेगळं. संशोधनातल्या उत्तम ऑइल ऑब्जेक्टिव्हचा एनए १.४ च्या आसपास असतो. तिथे हिरव्या प्रकाशात १९० नॅनोमीटरच्या जवळपास गाडी अडते. खोलीच्या दिशेने तर ती ५०० च्याही पुढे अडते.

प्रश्न नॅनोमीटरमध्ये लिहा

‘मला सुपर-रिझोल्यूशन करायचं आहे’ हा प्रश्न नव्हे. जे पाहायचं आहे त्याचं माप कागदावर लिहा. मायटोकॉन्ड्रिया किती आहेत आणि कुठे आहेत एवढंच हवं असेल तर साधा कॉन्फोकल (लेझरने एकेक थर टिपणारा सूक्ष्मदर्शक) पुरतो, उगाच पुढे जाऊ नका. केंद्रकाच्या पडद्यातलं छिद्र साधारण १२० नॅनोमीटरचं, सूक्ष्मनलिका २५ ची, अ‍ॅक्टिनचा धागा ७ चा. आणि पक्ष्म, म्हणजे सिलिया, सुमारे २५० नॅनोमीटर जाड.

हे शेवटचं माप आपल्या कामाचं आहे. सिलिया बरोबर मर्यादेच्या उंबरठ्यावर बसतात. साध्या फ्लोरोसन्समध्ये त्या भरीव दोऱ्यासारख्या दिसतात. आत मात्र कडेने सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मधे दोन एकेकट्या नलिका अशी रचना असते. मर्यादा ओलांडली की दोरा पोकळ दिसू लागतो. जमलं की नाही हे कळायला दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही.

आणि सिलिया आपल्या बाजारात टोपलीने मिळतात. तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्यांचे, कल्ले सिलियांनी भरलेले असतात. हौसेने प्रवाळाच्या मागे लागू नका. प्रवाळ कायद्याने संरक्षित आहेत, आणि मालवणचा सागरी अभयारण्याचा भाग १९८७ पासून राखीव आहे. तिसऱ्यांचा उरलेला भाग निदान कालवणात तरी जातो. अर्थात रसायन लागण्याआधी वेगळा काढलात तर.

कुठली वाट धरायची

वाटा मुख्यतः चार. पहिली सिम (स्ट्रक्चर्ड इल्युमिनेशन मायक्रोस्कोपी). मॅट्स गुस्टाफसन यांनी २००० मध्ये रुजवलेली. नमुन्यावर साध्या प्रकाशाऐवजी बारीक पट्ट्यांचा प्रकाश टाकायचा, पट्टे सरकवत आणि फिरवत अनेक फोटो घ्यायचे आणि गणिताने एकच प्रतिमा बांधायची. रिझोल्यूशन दुप्पट होतं, म्हणजे १०० ते १२० नॅनोमीटर. नेहमीचे रंग चालतात, जिवंत पेशीही चालतात. नवशिक्याला ही सगळ्यात सोपी.

दुसरी स्टेड (स्टिम्युलेटेड एमिशन डिप्लीशन). स्टेफान हेल यांनी १९९४ मध्ये सिद्धांत मांडला. एक लेझर रंगद्रव्याला चेतवतो, दुसरा मधे भोक असलेल्या कड्याच्या आकाराचा लेझर कडेची चमक दाबून टाकतो आणि फक्त मधला ठिपका उरतो. हा दाबणारा लेझर जितका तीव्र तितका ठिपका बारीक. पण हिशेब वर्गमुळाचा आहे. पाचपट बारकाई हवी तर तीव्रता रंगाच्या ठरावीक उंबरठ्याच्या २४ पट लागते. म्हणून रंग टिकाऊ हवा. अ‍ॅटो ६४७एन किंवा अबेरियर स्टार ६३५पी हे ७७५ नॅनोमीटरच्या लेझरबरोबर नेहमी वापरले जातात. ५० नॅनोमीटरच्या आसपास पोहोचता येतं.

तिसरी एकेका रेणूची, पाल्म आणि स्टॉर्म. दोन्ही २००६ ची. रात्री किनाऱ्यावर उभं राहून खोल समुद्रातल्या होड्या बघा. सगळ्यांचे दिवे एकदम लागलेले असले तर एकच उजळ पट्टा दिसतो. तेच दिवे एकेक करून लुकलुकले तर प्रत्येक होडीची जागा कागदावर अचूक मांडता येते. इथे होडी म्हणजे रंगाचा रेणू. प्रत्येक चमकेचा ठिपका पसरटच असतो, पण त्याचा मध्य काढता येतो. जितके फोटॉन जास्त तितका तो मध्य अचूक, इथेही वर्गमुळाच्या हिशेबाने. हजारो फ्रेम घेतल्या की २० नॅनोमीटरच्या आसपासचा नकाशा तयार होतो. या कामासाठी आणि स्टेडसाठी मिळून २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मर्नर यांना मिळालं. जाता जाता सांगतो, बेट्झिग आणि त्यांचे मित्र हॅराल्ड हेस यांनी आपलं पहिलं यंत्र कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या हेस यांच्या घरच्या दिवाणखान्यात जुळवलं. मशीनवाचून अडतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चौथी वाट माझ्या मते कोकणासाठी सगळ्यात योग्य. एक्स्पान्शन मायक्रोस्कोपी, एडवर्ड बॉयडन यांच्या प्रयोगशाळेतून २०१५ मध्ये आलेली. इथे सूक्ष्मदर्शकाला हातच लावायचा नाही, नमुनाच फुगवायचा. तिच्याकडे पुढे येतोच.

वाट आधी ठरवा, रंग नंतर मागवा. स्टॉर्मसाठी सगळ्यांचा आवडता रंग अलेक्सा फ्लुओर ६४७. पण एक्स्पान्शनच्या जेलमध्ये पॉलिमर बनताना तो रंग जवळजवळ मरतो. तिथे अलेक्सा ४८८ किंवा अ‍ॅटो ५६५ सारखे रंग घ्यावेत. हे माहीत नसल्यामुळे महागडी अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून रंग तिथे नेणारं प्रथिन) फुकट गेल्याच्या कहाण्या प्रत्येक प्रयोगशाळेत ऐकू येतात.

नमुना

बाजारातून तोंड घट्ट मिटलेल्या, जिवंत तिसऱ्या घ्या. विकणाऱ्या मावशींना खाडी कुठली ते विचारा, आणि शक्य असेल तर त्याच खाडीचं पाणी आणा. याचं कारण क्षारता. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे १००० मिलिऑस्मोल, तर प्रयोगशाळेत सगळीकडे वापरतात त्या पीबीएस या मिठाच्या द्रावणाचा ३०० च्या आसपास. पुस्तकात उंदराच्या पेशींसाठी लिहिलेली कृती जशीच्या तशी वापरलीत तर फॉर्माल्डिहाइड आपलं काम करेपर्यंत तिसरीच्या पेशी फुगून फुटतात. मग जे दिसतं ते जीवशास्त्र नव्हे, अपघात. उन्हाळ्यात खाडीचं पाणी खारट आणि श्रावणात जवळजवळ गोडं, म्हणून एकच ठरलेला आकडा धरू नका. क्षारता मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर कोळंबी प्रकल्पावर हमखास असतो. मागितला तर देतात.

गाळलेल्या खाडीच्या पाण्यात तिसऱ्या रात्रभर ठेवा. त्या पाणी गाळून खातात, त्यामुळे कल्ल्यांत शैवालाचे कण अडकलेले असतात. शैवालातलं हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतं, म्हणजे नेमकं अलेक्सा ६४७ च्या पट्ट्यात. स्वच्छ पाण्यात ठेवलं की पोट आणि कल्ले बरेचसे मोकळे होतात.

सकाळी शिंपला उघडा, कल्ल्याचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा कापा आणि आधी तसाच ४०× खाली ठेवून बघा. सिलिया लाटेसारख्या हलताना दिसल्या पाहिजेत. हलत नसतील तर दुसरा शिंपला घ्या. मग त्याच गाळलेल्या पाण्यात बनवलेल्या ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये स्थिर करा. स्टेड किंवा स्टॉर्मला जायचं असेल तर तुकडा अख्खा ठेवू नका. कल्ले हलके ओरखडून सुट्या झालेल्या पेशी पॉलीलायसिन (पेशी काचेला चिकटवणारा लेप) लावलेल्या कव्हरस्लिपवर बसवा आणि मग स्थिर करा. स्टॉर्ममध्ये काचेला चिकटलेला थरच नीट दिसतो, वर तरंगणारं सगळं धुरकट होतं.

स्थिर झाल्यावर पीबीएस चालतो. पेशीचा पडदा सैल करायला थोडं ट्रायटन, मग नको तिथे चिकटणं रोखायला बीएसए हे प्रथिन, मग अँटिबॉडी. अ‍ॅसिटिलेटेड ट्युब्युलिनची (सूक्ष्मनलिका ज्या प्रथिनाच्या बनतात त्याची) ६-११बी-१ ही अँटिबॉडी घ्या. ती मुळात समुद्री साळिंदराच्या (सी अर्चिनच्या) ट्युब्युलिनवरून तयार झाली आणि निरनिराळ्या प्राण्यांत काम करते, त्यामुळे तिसरीतही प्रयत्न करण्याजोगी आहे. एक स्लाइड फक्त दुय्यम अँटिबॉडीची, म्हणजे पहिलीला चिकटणाऱ्या रंग लावलेल्या अँटिबॉडीची, ठेवा. तिच्यात सिलिया चमकल्या तर मुख्य प्रतिमेवर विश्वास ठेवता येणार नाही.

आणखी एक हिशेब. अँटिबॉडी स्वतः सुमारे १० नॅनोमीटरची असते. पहिली आणि दुय्यम मिळून रंग खऱ्या जागेपासून त्याहूनही थोडा दूर बसतो. म्हणून २५ नॅनोमीटरची सूक्ष्मनलिका स्टॉर्ममध्ये ५०-६० ची दिसते. यात दोष यंत्राचा नाही. शिवाय २० नॅनोमीटरचं रिझोल्यूशन म्हणायचं तर रंगाचे रेणू दर १० नॅनोमीटरला तरी हवेत. विरळ रंगवलेली सिलिया तुटक ठिपक्यांची दिसते आणि लोक त्यालाच नवी रचना म्हणून बसतात.

काच म्हणजे कव्हरस्लिप १.५ नंबरची, ०.१७ मिलिमीटर जाडीची. ऑब्जेक्टिव्ह त्याच जाडीसाठी बनवलेलं असतं. डब्यावर १.५एच लिहिलेलं मिळालं तर उत्तम, त्यात जाडीचा फरक फार कमी असतो. बाजारात मिळणाऱ्या १ नंबरच्या, पातळ, स्वस्त कव्हरस्लिपवर इतके कष्ट वाया घालवू नका.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. घट्ट होणारं माउंटिंग माध्यम पाणी सोडून सुकतं, आणि जुलैच्या हवेत ते सुकायला दुप्पट वेळही लागतो. सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा. कडा बंद करायला नेलपॉलिश पारदर्शकच घ्या, लाल स्वतःच चमकतं. भिंगांवर बुरशी येते हे आपल्याकडे नवीन नाही. पूर्वी कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे, तो उबेसाठी. आता कोणी हौसेने तिथे एलईडी लावतं, त्याचा काही उपयोग नाही.

इथल्या इथे फुगवणं

स्थिर करून रंगवलेला नमुना अशा रसायनाने हाताळायचा की प्रथिनांना जेलशी बांधणारा हुक लागेल. मग त्यात सोडियम अ‍ॅक्रिलेट, अ‍ॅक्रिलामाइड आणि क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन) मुरवून जेल बनवायचं. प्रोटिनेज के या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने पेशीचा ताठा मोडायचा आणि जेल डिस्टिल्ड पाण्यात सोडायचं. ते चारही बाजूंनी साधारण चारपट, साडेचारपट फुगतं. रंगाचे रेणू जेलबरोबर एकमेकांपासून तेवढेच लांब जातात. २५० नॅनोमीटरची सिलिया १ मायक्रॉनच्या पुढे जाते आणि साध्या फ्लोरोसन्स सूक्ष्मदर्शकातही तिच्या दोन कडा वेगळ्या दिसू शकतात.

सावधगिरी: जेल बनण्याआधीचं अ‍ॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे, हातमोजे हवेतच. सोडियम अ‍ॅक्रिलेट हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडे बाटली उघडी राहिली की संपलं. पिवळट झालेलं वापरू नका. छोट्या छोट्या भागांत, कोरडं, फ्रीझरमध्ये ठेवा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी चालत नाही, क्षार असले की जेल कमी फुगतं. पाणी दोन-तीनदा बदला.

एकाच जेलचं फुगण्याआधी आणि नंतर माप घ्या, आणि प्रतिमेवरच्या स्केलबारला त्या गुणोत्तराने भागा. हे माप नसलेली एक्स्पान्शनची प्रतिमा नुसती शोभेची. जेल पाहताना सरकतं, म्हणून खालच्या काचेला पॉलीलायसिन लावा. आणि फुगलेलं जेल जवळजवळ सगळं पाणीच असतं. अपवर्तनांक १.३३. वॉटर इमर्शन ऑब्जेक्टिव्ह मिळालं तर तेच घ्या, ऑइलने खोलात प्रतिमा पसरते.

घाट चढून मशीनपाशी

आय-स्टेम नावाच्या सरकारी पोर्टलवर देशभरातली संशोधन उपकरणं शोधता आणि आरक्षित करता येतात. मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी, पुण्यात आयसर आणि एनसीसीएस ही जवळची संशोधनकेंद्रं. कुठे कुठलं यंत्र चालू आहे आणि बाहेरच्यांना काय दर, हे तिथल्या ऑपरेटरला ईमेल करून विचारा. ईमेलमध्ये नमुना, रंग, माध्यम आणि नॅनोमीटरमधला प्रश्न लिहा. सोबत तुमच्या साध्या सूक्ष्मदर्शकातला फ्लोरोसन्स फोटो जोडा. तोच फोटो अंधुक असेल तर मशीन बुक करू नका. साध्या प्रतिमेत जे वाईट आहे ते सुपर-रिझोल्यूशनमध्ये अधिक वाईट होतं.

स्लाइड फॉइलमध्ये गुंडाळून, जेल पॅक ठेवलेल्या थर्माकोलच्या पेटीतून न्या. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात माशांची पेटी मिळते, पण नवी घ्या. बर्फाला स्लाइड चिकटू देऊ नका. एक्स्पान्शनचं जेल फुगवलेलं नेऊ नका. पीबीएसमध्ये ते आकसतं, तसंच न्या आणि तिथे पुन्हा पाण्यात सोडा. स्टॉर्मचा बफर, म्हणजे रेणू लुकलुकावेत म्हणून लागणारं द्रावण, इथून बनवून नेऊ नका. ग्लुकोज ऑक्सिडेजमुळे तो तासा-दोन तासांत आम्लधर्मी होतो. वजन केलेली पावडर, ग्लुकोज आणि एन्झाइम वेगवेगळे थंड ठेवून न्या आणि खुर्चीत बसायच्या आधी मिसळा.

मशीनवर पहिलं काम नमुना नव्हे, मणी. १०० नॅनोमीटरचे चमकणारे मणी आधी पाहा. ते गोल आणि एकसारखे दिसले की भिंग, तेल आणि काच जुळलेली आहेत. मग स्टेडमध्ये पिक्सेल हव्या त्या रिझोल्यूशनच्या निम्म्याहून लहान ठेवा. स्टॉर्ममध्ये काही मणी नमुन्यातच मिसळा. एसी चालू-बंद झाला तरी नमुना काही डझन नॅनोमीटर सरकतो, आणि मण्यांवरून ती सरक वजा करता येते.

सिममध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसली तर ती नमुन्यातली नव्हे, गणितातली आहे. स्टॉर्ममध्ये एकाच वेळी फार रेणू चमकत असले तर दोन ठिपक्यांच्या मधे खोटा ठिपका बसतो. लेझर वाढवा आणि थांबा. फिजी या मोफत प्रोग्रॅममध्ये थंडरस्टॉर्म हे प्लगइन टाकून विश्लेषण घरी शिकता येतं. सरावाला नमुना डेटाही इंटरनेटवर सहज मिळतो. जायच्या आधी हे शिकूनच जा.

कच्च्या फायली मागून घ्या, नुसती शेवटची प्रतिमा नको. २५६ गुणिले २५६ पिक्सेलच्या, १६ बिटच्या २०,००० फ्रेम म्हणजे सुमारे २.६ जीबी. ५१२ च्या चौकटीत घेतल्या तर दहाच्या वर. पेनड्राइव्ह फॅट३२ चा असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाईल बसतच नाही. इथूनच एक्सफॅट करून न्या, आणि शक्यतो पेनड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क.